सोड्याचे बुडबुडे माशांच्या टाकीत नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत ‘घरच्या घरी एअर पंप’ अशी एक कृती छापून आली आहे. बाटलीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालायचे, झाकणातून नळी काढायची आणि नळीचे दुसरे टोक फिशटँकमध्ये सोडायचे. माझी सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेली. सोड्यावर आम्ल ओतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा आणि ती दुधाळ झालेली मुलांना दाखवायची, हे माझे दर वर्षीचे काम. तो वायू कार्बन डायऑक्साइड असतो. मासा कल्ल्यांवाटे जे बाहेर टाकत असतो, तेच ही बाटली त्याच्या पाण्यात भरते.

हा वायू पाण्यात प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी जास्त विरघळतो. तो पाण्यात वाढला की पाणी आम्लधर्मी होते, माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेनासा होतो आणि रक्ताची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद घटते. म्हणजे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शिवाय व्हिनेगरचा फेस नळीतून टाकीत उतरण्याची भीती वेगळीच. साखर आणि यीस्टच्या बाटलीचेही तेच. पाणवनस्पती वाढवणारे हौशी लोक ती लावतात, पण ती वनस्पतींसाठी असते, तीही मोजूनमापून.

मुळात बुडबुडा दिसला की प्राणवायू मिळाला, हा समज मोठ्या माणसांतही पक्का आहे. साध्या एअर पंपाच्या बुडबुड्यातून वर जाताजाता फार थोडा प्राणवायू पाण्यात उतरतो. खरी देवघेव होते ती पाण्याच्या पृष्ठभागावर. बुडबुडे तळाचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात, हा त्यांचा मोठा उपयोग. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात मासे आधी कासावीस होतात.

हे एकदा ध्यानात आले की निम्मे काम पैसे न घालता होते. गोल भांडे गळ्यापर्यंत भरू नका. पोटाशी, जिथे ते सर्वांत रुंद असते, तिथपर्यंतच भरा. पाण्यावर तेलकट तवंग आला असेल तर कोरा कागद अलगद पसरून उचला, तवंग कागदाला चिकटून येतो. (आपल्या वर्तमानपत्राचा कागद यासाठी नको, शाई असते.) उरलेले खाद्य काढून टाका, कारण ते कुजवणारे जिवाणू माशांच्याच वाट्याचा प्राणवायू खातात. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी चालवून दाखवली, तेव्हा त्यालाही कुजणाऱ्या पानांनी छळले. ती फस्त करायला त्याने गोगलगायी सोडल्या. मात्र वनस्पतींवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एवढे पाहावे की अंधारात त्या प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तेव्हा टाकीचा दिवा लावण्याआधी आत डोकावा. मासे वर येऊन तोंडे उघडमीट करत असतील तर ती प्राणवायू कमी पडल्याची खूण समजा. फायटर आणि गुरामी यांना या परीक्षेतून वगळा, त्यांना हवेतून श्वास घेण्याचा वेगळा अवयव असतो आणि वर येणे ही त्यांची सवयच आहे.

वीज गेली, पंप बंद पडला, तर पहिला उपाय म्हणजे पाणी काढायचा मग. टाकीतलेच पाणी मगाने काढायचे आणि वीतभर उंचीवरून बारीक धारेने परत ओतायचे. थोडा वेळ ओता, थांबा, पुन्हा ओता. मासे घाबरणार नाहीत अशा बेताने.

रात्रभर मग घेऊन कोण बसणार? त्यासाठी आता पुरवणीने छापायला हवी होती ती कृती सांगते. दोन जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कोरी सलाईनची नळी घ्या. एका बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, तिच्या झाकणातून नळी खाली आणा. ही नळी दुसऱ्या, बंद बाटलीच्या झाकणातून आत तळापर्यंत जाऊ द्या. त्याच झाकणाला दुसरे भोक पाडून आखूड नळी बसवा, तिचे बाहेरचे टोक टाकीत. वरून पाणी उतरते, खालच्या बाटलीतली हवा तेवढी जागा सोडते आणि टाकीत बुडबुडे निघतात. सलाईनच्या नळीवरच्या चाकाने वेग ठरवता येतो. मिनिटाला दहा मिलिलिटर ठेवला तर दोन लिटर पाणी तीन तासांहून थोडे जास्त चालते. मोठे कॅन लावले तर रात्र निघते. पाणी संपले की खालचे वर ओतायचे.

इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली उंचीची. नळी टाकीत वीस सेंटिमीटर बुडाली असेल तर दोन्ही बाटल्यांतल्या पाण्याच्या पातळीत त्याहून जास्त फरक हवा, मी तर दुप्पट ठेवते. खालची भरत जाते तसा जोर कमी होतो, म्हणून. दुसरी झाकणाची. भोकाभोवती बारीकशी फट राहिली तरी हवा तिथूनच पळते आणि टाकीत एक बुडबुडा येत नाही. टाकीला जोडण्याआधी झाकणावर साबणाचे पाणी लावून बघा, फुगे आले तर पुन्हा बंद करा, मग साबण स्वच्छ धुऊन टाका.

बुडबुड्यांचे टोक मोकळे सोडण्यापेक्षा एका उभ्या, रुंदशा नळकांड्यात सोडले तर बुडबुड्यांसोबत तळाचे पाणी चढते, वरच्या तोंडातून बाहेर पडते. तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त पाणी फिरते. खालच्या तोंडाला साधा स्पंज लावला की फिल्टरही झाला. पुढे स्पंजात जे जिवाणू वसतात ते माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया पचवतात. त्यांनाही प्राणवायू लागतोच. जंतुनाशक लावलेले स्पंज मात्र चालणार नाहीत.

या कृतीचे चित्र छापायचे असल्यास मी काढून पाठवीन. दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी यावी, कारण मुले वाचकांचा पत्रव्यवहार वाचत नाहीत. आणि चित्रात दोन्ही बाटल्या टाकीच्या पाण्याहून वर दाखवाव्यात. खालची बाटली टेबलाखाली ठेवली, तर हवेचा जोर संपल्यावर हवेच्या नळीतून टाकीचे पाणी उलटे उतरण्याची भीती असते. विजेच्या पंपालाही हाच नियम आहे, तिथे तर पाणी थेट विजेच्या यंत्रात शिरू शकते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक