मागता येत नाही, गाता येते

अहिल्यानगर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रास,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगून भागले असते, तर हे पत्र लिहायला मी बसलो नसतो. गेल्या महिन्यात इस्पितळात एक गोष्ट घडली. घरी सांगितली तेव्हा सगळ्यांना बरे वाटले आणि विषय तिथेच संपला. पण माझ्यापुरता तो संपलेला नाही, आणि तो मुळात कुठून सुरू होतो हे तुझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. आधी प्रकृतीचे सांगून टाकतो. हिच्या खुब्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, वॉकर धरून ती स्वयंपाकघरापर्यंत जाते, आणि माझी साखर होती तेवढीच आहे.

दादा गेल्यापासून मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता येत नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही, पाळकसाहेबांनाही नाही. सकाळी उठतो, डोळे मिटतो, ‘हे प्रभू’ एवढे म्हणतो, आणि पुढे काही येत नाही. राग असता तर निदान भांडता आले असते. दादांच्या आजारपणात मी भांडलोही होतो. आता रागही नाही. उपदेश ऐकतो, त्यातले तर्क समजतात, शास्त्रवचने तर पाठच आहेत, पण ती सारी दुसऱ्या कोणाला उद्देशून बोलली जात आहेत असे वाटत राहते. मग मी ‘उपासना संगीत’ हे आपले गीतपुस्तक उघडतो आणि हळू आवाजात गातो, आणि गात असेपर्यंत प्रभू जवळ असतो. गाणे संपले की काही वेळ तसेच राहते, मग ओसरते. मला पडलेला प्रश्न एवढाच आहे की, जो विश्वास केवळ गाताना उभा राहतो, त्याला विश्वास म्हणावे का?

तू यावर काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, कारण तू ते एकदा म्हणून झाला आहेस. नाताळच्या सरावानंतर आपल्या ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर बसून तू मला ऐकवले होतेस की, चालीने ज्याचे डोळे भरतात तो देवासाठी रडत नसतो, स्वतःच्या बालपणासाठी रडत असतो. मी तेव्हा इतका संतापलो की तुझ्याशी बोलणेच सोडले, आणि शेवटी दादांनी दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला. ते वाक्य मी विसरलेलो नाही. आता रात्री जाग आली की तेच आधी आठवते. आईने भाकरी थापताना गायलेली गाणी, नाताळच्या भजनफेरीतली थंडी आणि गॅसबत्तीचा वास, दादांचा तो वरच्या पट्टीतला आवाज, हे सगळे त्या चालींना चिकटलेले आहे, हे मी नाकारत नाही. मग त्यांतले देवाचे किती आणि आईचे किती, हे कसे ओळखायचे?

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. मला असे दिसते की, ही गाणी ज्यांनी लिहिली त्यांतले बरेच जण भरल्या ताटावरून उठून लिहायला बसलेले नव्हते. तुझेच लाडके घे. हेन्री लाइट हा इंग्लंडच्या डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावाचा पाळक. १८४७ साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्याने ‘अबाइड विथ मी’ पुरे केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो नीस येथे वारला. तू ज्या चालीसाठी जीव टाकतोस ती विल्यम हेन्री मंक या संगीतकाराची चाल १८६१ सालची, म्हणजे लाइटने ती ऐकलीच नाही. त्या गाण्याच्या मुळाशी अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे ते दोन शिष्य आहेत. आपल्याबरोबर मरणातून उठलेला प्रभूच चालला आहे हे त्यांनी ओळखलेलेही नसते. दिवस कलला आहे, आता आमच्याकडेच राहा, असा आग्रह मात्र ते करतात. ओळख नंतर पटते, भाकरी मोडताना. आधी बोलावणे आणि मग ओळख, हा क्रम शुभवर्तमानातच आहे, आणि मला त्याचा फार आधार वाटतो.

२०२२ साली प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यातून ते गीत काढले, त्या संध्याकाळी तू मला केलेला फोन आठवतो. गांधीजींचे आवडते गीत म्हणून वर्षानुवर्षे विजय चौकात वाजत आलेले गाणे असे कसे काढतात, म्हणून तू जवळजवळ ओरडत होतास. चालीने रडणाऱ्यांविषयी तुझे जे मत होते, ते त्या संध्याकाळी मी तुला ऐकवले नाही. दादांच्या मातीच्या वेळी तेच गाणे पायपेटीवर तू वाजवलेस. पायपेटीचा भाता फाटका, तू पाय मारून घामाघूम, आणि तरी एकही सूर सुटला नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. उभ्या मंडळीने माझ्या वाटचे गायले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मात्र मी तुझ्याशी आजही भांडायला तयार आहे. मंदिरात पेटी-तबला आणि टाळ आले की तुला ते देवळातल्या भजनासारखे वाटायचे, आणि मला नेमके तेच हवे असायचे. करजगावात १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतो, घरदार तुटते, पत्नी लक्ष्मीबाई दुरावतात, आणि हा माणूस नगरात येऊन आपल्या लोकांच्या हाती त्यांच्याच मातीतली पदे आणि अभंग देतो. त्याआधी आपल्या मंडळीत बरेचसे गायन परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरांचे होते. ती गाणी वाईट होती असे मी म्हणत नाही, तुझ्यासमोर तर मुळीच म्हणणार नाही. पण आपल्या आज्यांना जात्यावर बसून जे गाता आले, ते टिळकांचे होते. ज्यांना बायबलातला करार वाचता येत नव्हता, त्यांच्या तोंडी तो गाण्यांच्या रूपाने राहिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. तो पूल त्यांनी पोहोचल्यावर मोडून टाकला नाही, ही मला त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आणि त्यांचे ‘पुष्कळ अजुनी उणा, प्रभु मी, पुष्कळ अजुनी उणा रे’. लहानपणी हे मी दादांच्या शेजारी उभा राहून गायलो, तेव्हा ते थोरामोठ्यांचे विनयाचे बोलणे वाटायचे. आता ते मला वेगळे ऐकू येते. हे पद कोणा नवख्याने लिहिलेले नाही. ज्याची शंभराहून अधिक गीते मंडळी गाते, ज्याने ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य हाती घेतले, त्याने आपण उणे आहोत हे प्रभूला सांगितले, आणि मंडळीने ते वगळले नाही. गीतपुस्तकात घातले, क्रमांक दिला, आणि सगळ्यांनी उभे राहून गावे असे ठरवले. म्हणजे ज्याचा विश्वास त्या रविवारी उणा असेल, त्यालाही उपासनेत म्हणायला काहीतरी आहे. त्याला बाहेर थांबावे लागत नाही. मला स्वतःच्या शब्दांत जे सांगता येत नाही, ते कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी माझ्यासाठी सांगून ठेवले आहे, आणि मी त्यावर केवळ आवाज ठेवायचा आहे. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे शुभवर्तमानातल्या त्या आजारी मुलाच्या बापाने म्हटले, तेव्हा येशूने त्याला आधी अविश्वासाचा निकाल लावून ये असे सांगितले नाही; मुलाला बरे केले.

आता इस्पितळाचे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हिला झोप लागेना. ती घाबरली होती, पण तसे बोलून दाखवणार नाही हे तुला माहीत आहेच. मला म्हणाली, प्रार्थना करा. मी तिचा हात धरला, डोळे मिटले, आणि नेहमीप्रमाणे ‘हे प्रभू’च्या पुढे काही आले नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाली, “राहू द्या, दादांच्या चालीतले म्हणा.” माझी अडचण तिला किती दिवसांपासून ठाऊक असेल, देव जाणे. मी ‘पुष्कळ अजुनी उणा’ म्हणू लागलो, अगदी हलक्या आवाजात, कारण खोलीत दुसरी खाट होती आणि मध्ये फक्त पडदा. ध्रुपद दुसऱ्यांदा आले तेव्हा पडद्यापलीकडून कोणीतरी ते धरले. शब्द नीट नव्हते, पण सूर बरोबर होता, आणि ठेका धरावा तशी बोटे खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजत होती.

त्या पंढरीची वारी केलेल्या आजी होत्या. गळ्यातली तुळशीची माळ नर्सने काढायला लावली होती, म्हणून ती मुठीत धरून पडल्या होत्या. पद संपल्यावर त्यांनी विचारले, “कोणाचा अभंग हो, तुकोबांचा का?” मी सांगितले की टिळकांचा आहे, आम्ही ख्रिस्ती आहोत, आमच्या मंदिरात म्हणतो. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “उणं तर समद्यांचंच हाये. आणखी एकदा म्हणा.” मी आणखी एकदा म्हटले. नंतर त्यांनी त्यांचा एक अभंग म्हटला आणि हिने डोळे मिटून ऐकला. पहाटे त्यांना आत नेताना त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, आणि त्या क्षणी, काही न ठरवता, मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मोठ्याने, माझ्याच शब्दांत, दोन-तीन वाक्ये. त्यांना सांभाळ, त्यांना भिऊ देऊ नको, त्यांना घरी जाऊ दे. हिने ‘आमेन’ म्हटले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मी बोललो होतो.

आता तुला वाटेल की गाठ सुटली. तसे झालेले नाही. त्यानंतरच्या सकाळी पुन्हा ‘हे प्रभू’ आणि पुढे शांतता. त्या आजी चालू लागल्या आहेत असे त्यांच्या लेकीने फोन करून कळवले, आमच्या सुनेने ते देवाचे उत्तर म्हणून सगळीकडे सांगितले, आणि मला मात्र त्या दोन-तीन वाक्यांसारखे एकही वाक्य पुन्हा सुचलेले नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते, आणि तीच तुझ्यापुढे ठेवायची आहे. ते गाणे जर केवळ माझ्या बालपणाचे असते, तर पडद्यापलीकडून ते कोणी कसे धरले असते? त्या आजींना ना माझ्या आईची भाकरी ठाऊक, ना दादांचा आवाज, ना भजनफेरी. तुझे पायऱ्यांवरचे ते वाक्य माझ्या अश्रूंविषयी खरे असेलही, पण त्या आजींच्या बोटांविषयी ते खरे ठरत नाही. आणि मी तरी त्यांच्यासाठी बोललो ते गाण्यानंतरच, गाण्यामुळेच. सुरांनी आधी वाट मोकळी केली आणि मग शब्द आले, थोडेच आले, पण आले.

शेवटच्या भोजनानंतर आपला प्रभूही स्तोत्र गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, हे मत्तय सांगतो. पुढे गेथशेमानेत तो ‘हा प्याला टळून जावो’ म्हणून तळमळला. पण त्याआधी तो आपल्या लोकांबरोबर गायला, आणि बहुधा यहुद्यांच्या वल्हांडण सणाची तीच जुनी स्तोत्रे गायला, जी त्याने आपल्या आईकडून, मरीयेकडून, लहानपणी ऐकली असतील. मरीयेकडून मिळाली म्हणून ती त्याच्या पित्याची नव्हती असे कोण म्हणेल? हा मुद्दा तुला पटला नाही तर मला तसे स्पष्ट लिही, पण कारणे देऊन लिही. मला तुझा होकार नको आहे, तुझे उत्तर हवे आहे.

घाईचे कारणही आहे. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्याच्या भक्तीत, म्हणजे उपासनेत, मला मंडळीसमोर आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला सांगितले आहे. इस्पितळातली हकीकत सुनेकडून त्यांच्या कानी गेली आणि त्यांना त्यात उत्तर मिळालेली प्रार्थना दिसते. ती तशी सांगायला माझी जीभ वळत नाही, कारण तिथे बसलेल्यांपैकी कोणाची सकाळ माझ्या सकाळीसारखी असेल, तर त्याने घरी जाताना आपण एकटेच उरलो असे समजू नये. मला उभे राहून एवढेच म्हणावेसे वाटते की, प्रार्थना येत नाही, गाणे येते, आणि सध्या मी त्यावर राहतो. आणि मग साक्ष न देता ते पद सगळ्यांकडून म्हणून घ्यावे. हे चालेल का? मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ते धक्कादायक वाटेल का? तू इथे असतास तर पायपेटीवर बसवले असते, आणि तबल्याला तू हरकत घेतली असतीस तरी ऐकले नसते.

धाकटीच्या लग्नाचे जमते आहे असे वहिनींकडून कळले. फार आनंद झाला, तारीख ठरली की लगेच कळव. गुडघ्याला मालिश चालू ठेव आणि जिने चढू नको. तुमच्या सोसायटीतला पाण्याचा वाद मिटला का? नाताळला येणार असशील तर वरची खोली तयार ठेवतो.

आणि एक काम. दादांची निळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्याकडे आहे. त्यात ‘पुष्कळ अजुनी उणा’चे पान असेल, वर त्यांनी स्वर लिहून ठेवलेले. त्याचा फोटो काढून पाठव. शेवटच्या कडव्याला ते चाल थोडी वळवत असत, ते वळण माझ्या हातून दर वेळी निसटते, आणि भक्तीच्या आधी मला ते बसवायचे आहे.

तुझा मित्र