तुझं मधलं नाव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अहो, मला तुम्ही दत्तक का नाही घेतलंत?" समोर गिऱ्हाईक, हातात अर्धी वाइंडिंग झालेली पंपाची मोटर. "रात्री बोलू" म्हटलं आणि रात्री नुसतं जेवलीस का एवढंच विचारलं. म्हणून हे पत्र.

२०१३ साली आमचं लग्न झालं तेव्हा तू साडेपाच वर्षांची. काका म्हणायचं, असं सगळ्यांनी तुला पढवलेलं. तू मात्र आईचं ऐकून मला 'अहो' म्हणायला लागलीस. शेजारच्या काकू हसून लोळायच्या. ती हाक मी कुणाला मोडू दिली नाही.

दत्तकाचं म्हणशील, तर २०२२ मध्ये मी वकिलांकडे दोनदा जाऊन आलो. तू पंधराची होणार होतीस आणि १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने एरवी त्याआधीच दत्तक घ्यावं लागतं. अठरापर्यंत दुसऱ्या कायद्याची वाट असते म्हणे, पण मला घाई. त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने आंध्रातल्या एका प्रकरणात निकाल दिला होता: पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आहे, आणि कागदांवर तिच्या नवऱ्याला 'सावत्र बाप' लिहायला लावणं जवळजवळ क्रूर आहे. वकील हे वाचून दाखवत होते आणि मला तुझ्या शाळेची खिडकी आठवत होती. "मुलगी तुमची, मग नाव दुसऱ्याचं कसं?" असं म्हणत क्लार्कने माझ्या नावापुढे पेनने 'सावत्र' लिहिलं होतं. तू शेजारी उभी होतीस, आणि तुला वाचता येत होतं.

मग कराडहून आजोबा आले. दत्तक झालं की जन्मघराशी असलेली नाती कायद्याने तुटली असं धरतात, आणि ते नंतर रद्दही करता येत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातलं. बराच वेळ ते चंचीची दोरी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "पोरगी तुमचीच. माझ्या पोराचं नाव तेवढं मधे राहू द्या. आता ते दुसरीकडे कुठे लिहिलं जात नाही."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून, असं लिहिलं तर खोटं होईल. धाकट्याच्या वह्यांवर दर जूनमध्ये माझं नाव मधे घालताना मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून तुझ्यासमोर लाजही वाटते.

आजोबा, आई आणि मी, तिघांनी ठरवलं. तुला विचारलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला विचारायला हवं होतं, ही चूक माझी.

आता तू अठराची. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज तुझा तुला करता येतो. माझं घे, आईचं लाव, नाहीतर आहे तेच ठेव. आजोबांची भीड धरू नकोस, त्यांच्याशी मी बोलेन. फक्त मैत्रिणींनी विचारलं म्हणून करू नकोस, कारण नंतर आधार, बँक, मार्कशीट सगळीकडे खेटे तुलाच घालावे लागतील.

आजोबांनी शेंगदाण्याची चटणी दिलीय, उद्याच्या एसटीने पाठवतो. डब्याचं झाकण सैल आहे, उभा धर. सोबत हॉस्टेलसाठी मागितलेली रेशनकार्डाची झेरॉक्स आहे. त्यात तुझ्या नावापुढे 'मुलगी' एवढंच लिहिलंय.

तुझे,
अहो