खेळाचे कोपरे मांडायला जागा द्या, मग नोटीस द्या

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये मी अंगणवाडी चालवते. गेल्या सोमवारी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. भेटीच्या वेळी केंद्रात खेळाचे कोपरे मांडलेले नव्हते, पूर्वशालेय साहित्य पेटीत बंद होतं, मुलं नुसती बसून होती, असा शेरा आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करा, नाहीतर मानधनातून कपात. खुलासा मी दिला. पण त्या कागदावर जेवढं लिहिता येतं तेवढ्यात ही गोष्ट मावत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला आणि सगळ्यांसमोर.

शेऱ्यातलं एकही वाक्य खोटं नाही. कोपरे नव्हते, साहित्य पेटीत होतं, मुलं बसली होती. आदल्या रात्री हॉलमध्ये साखरपुडा होता. मी आणि मदतनीस सकाळी पोचलो तेव्हा दाराला आतून कडी होती, आत केटरिंगची पोरं झोपलेली. दार उघडलं तर फरशीवर पाक सांडून चिकट झालेला, खुर्च्यांच्या थप्प्या मधोमध, पत्रावळ्या कोपऱ्यात आणि सगळीकडे अक्षता. या अक्षतांचं मला फार भय वाटतं. तीन वर्षांच्या मुलीने मागे एकदा तांदळाचा दाणा कानात घातला होता, तो काढायला तिच्या आईला विड्या वळायचा रोज बुडवून दवाखान्यात जावं लागलं. तेव्हापासून सतरंजी अंथरायच्या आधी मदतनीस ओल्या फडक्याने सगळी फरशी हाताने टिपून घेते. ती टिपत असतानाच अधिकारी आले. दहा मिनिटं उभे राहिले, फोटो काढला, सही करून गेले. पाऊण तासाने आमचे चारही कोपरे मांडून झाले होते. ते बघायला कुणी नव्हतं.

आमचे कोपरे म्हणजे काय तेही सांगते. एका मुलाच्या वडिलांनी यंत्रमागावरच्या सेकंड मालातल्या चार सोलापुरी चादरी दिल्या. लाल चादरीवर ठोकळे, हिरवीवर बाहुलीघर, निळीवर चित्रांची पुस्तकं, पिवळीवर मणी आणि बिया. खिडकीच्या गजापासून स्टेजच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधायची, तिला चिमट्यांनी तक्ते लावायचे. फरशीवर खडूने गोल आखायचा. वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, दंडघेराची पट्टी, रजिस्टरं, पाण्याचं पिंप, हे सगळं वेगळं. दुपारी एक वाजता हॉलमध्ये शिवणक्लासच्या मशिनी येतात, म्हणून मुलं अजून खिचडी खात असतात तेव्हाच आम्ही गुंडाळायला लागतो. चादरीच्या चार टोकांना गाठ मारून गाठोडी करायची आणि पत्र्याच्या पेटीत कोंबायची. पेटी दोघींनी उचलून स्टेजखाली सरकवायची. घाईत ठोकळे बाहुलीघरात जातात, मणी फटीत जातात. भाज्यांच्या कोड्यातलं वांगं हरवलं ते सापडलंच नाही, मुलं त्या रिकाम्या जागेत बोट घालून वांगं म्हणतात.

वजनकाटा मी घरी नेते. त्यालाही कारण आहे. एका कार्यक्रमात तो स्टेजखालून काढून त्यावर कांद्याची पोती मोजली गेली. त्यानंतर तो कधी शंभर ग्रॅम जास्त दाखवायचा, कधी कमी. मोठ्या माणसाला शंभर ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण आठ-नऊ महिन्यांच्या बाळाचं वजन महिन्याला जेमतेम दोन-तीनशे ग्रॅमनेच वाढतं आणि त्या आकड्यावरून मूल कुपोषित आहे का नाही ते ठरतं. काटा बदलून मिळेपर्यंत मी बाळांना आरोग्य केंद्रात नेऊन वजनं केली. आता तो रोज स्कूटीवर पायाशी ठेवून आणते आणि नेते. टीएचआरची, म्हणजे मुलांना-आयांना घरी न्यायला द्यायच्या आहाराची पाकिटंही माझ्याच घरात, कारण हॉलमध्ये उंदीर. माझं घर दोन खोल्यांचं. सासूबाईंच्या पलंगाखाली शासनाचा आहार आहे आणि एक पाकीट कमी भरलं तर वसुली माझ्याकडून.

माझ्या कंबरेचं सांगायला नको असं ठरवलं होतं, पण सांगते. डॉक्टरांनी मणक्यात गॅप आहे म्हणून वजन उचलू नका असं लिहून दिलंय. पेटी उचलली नाही तर अंगणवाडी उघडत नाही. मदतनीस माझ्याहून वयाने मोठी, तिचे गुडघे गेलेत. रात्री झोपताना मी पट्टा लावते, सकाळी तोच पट्टा आवळून पेटी ओढते. आजारपणाची रजा मागितली तर केंद्र कोण उघडणार, असं विचारतात. आम्ही कर्मचारी नाही, मानसेवी आहोत, असं ऐकवतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला, तेव्हा आमच्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या बायका एकमेकींना फोन करून रडल्या होत्या. केंद्राने ठरवलेलं मानधन मात्र 2018 मध्ये 4,500 रुपये झालं, त्यानंतर वर्षानुवर्षं तेच धरून चाललं. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, थंडीत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा कुठे राज्याने हालचाल केली.

पण माझी खरी तक्रार पैशाची नाही. मुलांची आहे.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवतात की खेळून झालं की वस्तू जागेवर ठेवायची सवय मुलांना लावा. फार चांगली सवय आहे, मला मनापासून पटते. पण जागेवर म्हणजे कुठे? तीन-चार वर्षांच्या मुलाला काल जी वस्तू जिथे होती तिथेच आज मिळाली तर ते स्वतः जाऊन घेतं, स्वतः ठेवतं, बाईंना विचारत नाही. मोठ्यांच्या मदतीशिवाय आपलं आपण करायला लागण्याची सुरुवातच तिथून होते. आमच्याकडे प्रत्येक वस्तू मी काढून दिली तरच मुलाच्या हातात पडते. एका मुलाने ठोकळ्यांची गिरणीची चिमणी केली, त्याच्या छातीएवढी. त्याचा आजा जुन्या मिलमध्ये होता, घरात ती गोष्ट चालते. एक वाजत आला तेव्हा तो म्हणाला, "बाई, उद्यापर्यंत ठेवा की, अजून वर न्यायचीय." मी ठेवू शकले नाही. त्याने स्वतः मोडली आणि ठोकळे चादरीत टाकले. तो रडला असता तर मला कमी लागलं असतं.

याहून वाईट एक गोष्ट मी गेल्या वर्षभरात पाहिलीय. खिचडीची वेळ जवळ आली की मुलं काही सुरूच करत नाहीत. एक मुलगी घरी तेलुगू बोलते, आमच्यात मराठी शिकली. तिला मणी ओवायला बसवलं तर म्हणते, "नको, आता गुंडाळणार." पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत तिला कळलंय की इथे काही टिकत नाही, मग कशाला लावायचं. तिच्याबाबतीत पूर्वशालेय शिक्षणाने एवढंच शिकवलं असेल तर त्याचा खुलासा कुणी करायचा? मी करू?

एका बैठकीत हे मांडलं तेव्हा मला उत्तर मिळालं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तर अंगणात शाळा भरवल्या, त्यांना कुठे इमारत होती. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 1945 मध्ये बोर्डीला ज्या बायका कामाला लागल्या आणि पुढे पाड्यावर मुलांच्या दारात बालवाडी घेऊन गेल्या, त्यांचं नाव आमच्या तोंडावर फेकायचं नाही. ते अंगण मुलांचं स्वतःचं होतं. तिथली झाडं, दगड, पानं, शेणाने सारवलेली जमीन दुसऱ्या दिवशीही तिथेच असायची. आमचा हॉल दर संध्याकाळी दुसऱ्याचा होतो.

आणि आम्ही इमारत मागतच नाही. हॉलच्या पाठीमागे एक खोली आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात एक अधिकारी टेप घेऊन आले, खोली मोजली, एका भिंतीला लोखंडी कपाट आणि मुलांच्या उंचीच्या फळ्या कुठे बसतील ते खडूने आखलं आणि सगळ्या आयांसमोर सांगितलं की दिवाळीनंतर ताबा मिळेल. आया टाळ्या वाजवून घरी गेल्या. दिवाळी होऊन गेली, गड्ड्याची यात्रा होऊन गेली, परीक्षा झाल्या. खोलीत आजही मंडळाचे मांडवाचे पाइप आणि मिरवणुकीचे ढोल आहेत. मंडळाच्या पोरांवर माझा राग नाही, माझी कंबर धरली की तीच पोरं पेटी उचलायला येतात. ती म्हणतात, आम्हाला दुसरी जागा द्या, आम्ही आजच हलवतो. हॉल एका कार्यालयाचा, अंगणवाडी दुसऱ्या खात्याची आणि किल्ली तिसऱ्याकडे. प्रत्येक जण पत्र द्या म्हणतो. माझ्याकडे पोचपावत्यांची फाइल आहे, तीही घरी.

गावातल्या अंगणवाडीसाठी मनरेगाची सांगड घालून एका इमारतीमागे 12 लाखांचा खर्च केंद्राने मान्य केला. चांगलं केलं. पण मनरेगा ग्रामीण भागाची. शहरातल्या मुलाने काय करायचं? सोलापूर 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, तेव्हा शहरात साखर वाटली होती. त्या कामांत आमच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक खोली बसली नाही. ज्यांना फी परवडते ते मुलांना इंग्रजी नर्सरीत घालतात, कारण तिथे निदान रंगवलेली भिंत असते आणि ती दुपारी पुसली जात नाही. मागे राहतात विडी वळणाऱ्या आणि मागावर बारा तास उभं राहणाऱ्यांची मुलं. त्यांच्या ताटासाठी 2017 मध्ये दिवसाला 8 रुपये ठरले होते. तेव्हाची तूरडाळ आणि आजची तूरडाळ यांत फरक आहे हे मंत्रालयात कुणाला सांगायला लागू नये.

2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांवर अंगणवाडीची ही एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. 2025 मध्ये तिला पन्नास वर्षं झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात आणलं, म्हणजे आम्ही आता शाळेचाच भाग. मग पहिलीचा वर्ग रोज दुपारी गुंडाळून स्टेजखाली सरकवा असं कुठल्या शिक्षकाला सांगाल का? सांगून बघा, दुसऱ्या दिवशी संप होईल. मोबाईलवर नोंदी भरायचा पोषण ट्रॅकर आला, हजेरी आली, फोटो आले, टीएचआर द्यायला आता आईचा चेहरा मोबाईलवर ओळखावा लागतो, नेट गेलं की त्या बाया विड्यांची पानं सोडून ताटकळतात. मुंबईत आणि दिल्लीत बसून आमच्या हॉलमधला प्रत्येक दाणा दिसतो. ती खोली मात्र कुणालाच दिसत नाही.

हे शहर मागितल्याशिवाय काही मिळालेलं शहर नाही. कुंभारीला रे नगरची 30,000 घरांची योजना उभी राहिली ती विडी कामगार बायकांनी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांबरोबर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी तिथल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या. माझ्या केंद्रातल्या काही आया त्याच मोर्च्यांत मुलं कडेवर घेऊन चालल्या आहेत. त्या मला विचारतात, एका खोलीसाठीसुद्धा निघायचं का? मला त्यांचा अजून एक दिवसाचा रोज बुडवायचा नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मागणं असं आहे. पाठीमागच्या खोलीचा ताबा अंगणवाडीला द्यावा आणि मंडळाच्या सामानाला दुसरी जागा द्यावी, तसा लेखी आदेश दोन्ही कार्यालयांनी मिळून काढावा, जूनमध्ये नवीन मुलं येण्याआधी. एक कुलुपाचं कपाट आणि मुलांच्या हाताला येतील अशा फळ्या. हॉलमध्ये कार्यक्रमाला परवानगी देणाऱ्याने सकाळी आठपर्यंत तो झाडून-पुसून द्यायची अट पावतीवर छापावी. शहरातली जी केंद्रं अशा सामायिक जागेत आहेत त्यांची यादी करावी, आणि तिथे खोली मिळेपर्यंत कोपरे नव्हते म्हणून कुणाही सेविकेचं मानधन कापू नये.

आणि स्वतः बघायला येणार असाल तर लग्नसराईत या, सकाळी आठला, दार उघडायच्या वेळी. कृपा करून आधी कळवू नका. कळवलंत तर त्या दिवसापुरती ती खोली रिकामी होईल, फळ्यासुद्धा लागतील, आणि तुमची गाडी वळली की पाइप परत आत येतील.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
पूर्व भाग, सोलापूर