'थायरॉईड निघाला' म्हणजे नेमके काय?

महोदय,

आरोग्य तपासणीच्या जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये हल्ली थायरॉईडची रक्तचाचणी असते आणि तिचा अहवाल डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर पोहोचतो. त्यात एखादा आकडा ठळक छापलेला दिसला, की घरात 'थायरॉईड निघाला' असे जाहीर होते. (ही ग्रंथी प्रत्येकाच्याच गळ्यात असते, हा भाग वेगळा.) प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केल्यामुळे या आकड्यांविषयी थोडे लिहावेसे वाटते.

सर्वांत मोठा घोटाळा टीएसएचबाबत होतो. हे संप्रेरक थायरॉईडचे नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आहे आणि थायरॉईडला कामाला लावणे हे त्याचे काम. थायरॉईड मंदावली, की पीयूषिका अधिक टीएसएच सोडते; म्हणजे टीएसएच वाढलेले असताना 'थायरॉईड वाढलाय' असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा अर्थ बहुधा नेमका उलटा असतो. प्रौढांमध्ये टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४ या दरम्यान असावे, असे मानले जाते. मात्र प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार ही मर्यादा थोडी बदलते, वयोमानाने वरची मर्यादा सरकते आणि गरोदरपणात तर वेगळेच निकष लागू होतात.

टीएसएच ६ किंवा ७ आणि फ्री टी-४ (थायरॉईडच्या स्वतःच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचा रक्तात मोकळा असलेला भाग) मात्र व्यवस्थित, असे अहवाल पुष्कळ येतात. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, तर दुपारी कमी असते. मोठ्या आजारातून उठताना ते तात्पुरते वाढूही शकते. त्यामुळे अशा वेळी डॉक्टर सहसा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगतात आणि अनेकदा आकडा आपोआप खाली आलेला असतो. एवढ्यावरून शेजारणीची गोळी सुरू करणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत.

याउलट, माझ्या नात्यातील एका मुलीचे टीएसएच अगदी कमी आणि टी-४ जास्त आले, म्हणून घरचे हादरले. ती केसगळतीसाठी रोज १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होती. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी अल्प असते आणि चाचणीच्या काही पद्धतींत बायोटिनचाच रासायनिक दुवा म्हणून उपयोग केलेला असल्यामुळे रक्तातील जादा बायोटिन निष्कर्ष पार उलटेपालटे करते. गोळ्या थांबवून काही दिवसांनी केलेली चाचणी निर्दोष आली. रक्त घेताना तिला याविषयी कोणीही विचारले नव्हते.

जे थायरॉक्सिनची गोळी घेतात, त्यांनी मात्रा बदलल्यावर पंधरा दिवसांत चाचणी करून पैसे घालवू नयेत. टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. फ्री टी-४ तपासायचे असेल, तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

प्रयोगशाळांना माझी विनंती एवढीच आहे, की नमुना किती वाजता घेतला, रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो आणि टी-४ एकूण मोजले की फ्री, हे अहवालावर मराठीत स्पष्ट छापावे. अहवालाच्या कागदावर त्यासाठी दोन ओळींची जागा नक्कीच निघेल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा