‘सिट’ येतं, तरी भुंकणं थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत कुत्र्याच्या भुंकण्याची तक्रार आली, की कमिटीचं ठरलेलं उत्तर असतं: ट्रेनर लावा. ट्रेनर येतो, कुत्रा ‘सिट’, ‘स्टे’ शिकतो आणि घरचे कामावर गेले की पुन्हा दाराशी भुंकत बसतो. बसणारच. एकटेपणाची धास्ती हुकमाने जात नाही, आणि हुकूम द्यायलाही घरात कोणी नसतं.

आधी मोबाइल घरात रेकॉर्डिंगला ठेवून बाहेर पडा. फक्त लिफ्टच्या आवाजाला भुंकत असेल, तर अंथरूण दारापासून आतल्या खोलीत हलवून पाहा. दार लागताच रडणं, येरझाऱ्या, लाळ गळणं सुरू होत असेल, तर एकटं राहायला शिकवावं लागेल. चपला घाला, किल्ल्या वाजवा आणि घरातच बसा. त्या आवाजांचा धसका आधी मोडू द्या. मग दाराबाहेर पाच-दहा सेकंद. शांत राहिला तरच अर्धं मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बिथरला, तर पुढच्या खेपेला वेळ निम्मी करा. घोडं अडतं ते इथे: शनिवार-रविवार सराव आणि सोमवारी एकदम नऊ तास! महिनाभर तरी शेजारी किंवा पगारी माणूस सोबतीला हवाच.

फिरवणं म्हणजे खाली नेऊन शी-शू उरकणं नव्हे. हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा), त्याला तीन मीटरचा सैल दोर आणि वीसेक मिनिटं तो नेईल तिकडे वास घेत चालणं. उपवन तलावाकाठी गर्दीआधी हे छान जमतं. मुसळधार पावसात घरातच जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचं कोरडं खाणं लपवा आणि वासाने शोधू द्या.

हुकमांचा सराव पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा पुरे. खाऊ एक-दोन सेकंदांत तोंडात पडला पाहिजे. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. तेवढा खाऊ जेवणातून वजा करा (आपल्याकडचे लॅब्रॅडॉर आधीच गोलमटोल आहेत).

गुरगुरल्याबद्दल मात्र मारू नका, गळ्यात टोचणारा काट्यांचा पट्टाही नको. भीती तशीच राहते, इशारा तेवढा बंद होतो आणि पुढे कुत्रा न गुरगुरता थेट चावतो.

कोंडून किंवा कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. कमिट्यांनी नोटिशीत ट्रेनरच्या आधी कुत्रा दिवसाचे किती तास एकटा असतो, हे विचारावं.

– एक वाचक, कासारवडवली, ठाणे