मिस्त्रीमामा, त्या एका किकसाठी

मिस्त्रीमामा,

तुम्ही मोबाईलवर फक्त फोन घेता, बाकी काही बघत नाही हे माहितीये. तरी लिहितोय, पोरगा वाचून दाखवेल. त्या दिवशी पैसे देताना तोंडातून नीट थँक्यू पण निघालं नाही माझ्या, घसा दाटून आलेला आणि तुम्ही तोवर दुसऱ्या गाडीत डोकं घातलेलं. राहूनच गेलं.

गाडी अण्णांची, माझ्या वडिलांची. राजदूत ३५०, १९८६ चं मॉडेल, एलटी म्हणजे लो टॉर्क. हल्ली जो भेटतो तो पहिलं विचारतो एचटी (हाय टॉर्क) का एलटी, आणि एलटी म्हटलं की तोंड वाकडं करतो. अण्णा भडकतात. एचटी साडेतीस हॉर्सपॉवर, एलटी सत्तावीसच्या आसपास, आणि मूळ जपानी गाडी, यामाहाची आरडी ३५०, ती ३९ ची, मग तसं बघायला गेलं तर सगळ्यांचीच कापलेली आहे की! एस्कॉर्ट्सनं १९८३ ला यामाहाची ही गाडी इथं आणली तेव्हा लोकांना ॲव्हरेज पाहिजे म्हणून ताकद उतरवली, पुढची डिस्क काढून ड्रम लावला. पण ज्या रस्त्यावर १८ हॉर्सपॉवरची चार गिअरची बुलेट म्हणजे राजा, तिथं दोन सिलेंडर, सहा गिअर आणि दोन सायलेन्सर घेऊन हे प्रकरण आलं म्हटल्यावर काय झालं असेल विचार करा.

अण्णा सांगतात, पाच हजार आरपीएमपर्यंत शहाण्या पोरासारखी चालायची, काटा त्याच्या वर गेला की मागून कुणीतरी ढकलून दिल्यासारखी. कराडहून कोल्हापूरला निघायचं, हायवे तेव्हा एकेरी, ट्रकच्या मागं दबा धरून बसायचं, एक गिअर खाली टाकायचा आणि सुटायचं. थांबायचं मात्र आपलं आपण बघायचं, त्या ड्रमच्या भरवशावर राहिलेले बरेच जण उसात गेले. आरडी म्हणजे रॅपिड डेथ हे नाव काय उगीच नाही पडलं. आई लग्नानंतर एकदाच मागं बसली, कासेगावला उतरली आणि म्हणाली मी एसटीनं येते. अण्णांनी खरंच तिला एसटीत बसवलं आणि स्वतः एसटीच्या मागं मागं गाडी चालवत आले. हा किस्सा आमच्या घरात दर दिवाळीला होतो.

पुढं पेट्रोल परवडेना, लिटरला वीस-बावीस द्यायची ती. पार्ट मिळेनात, आमची शिक्षणं आली, आणि गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली गेली ती सोळा वर्षं. विकली मात्र नाही. कितीतरी लोक येऊन गेले.

आता ज्यांच्यामुळं तुमच्यापर्यंत आलो त्यांच्याबद्दल पण दोन शब्द बोलतो, नाव घेत नाही. शहरातलं मोठं गॅरेज, काचेचं ऑफिस, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, कॉफी वगैरे. ॲडव्हान्स घेतला आणि अकरा महिने नुसतं "सर, पार्ट बाहेरून येतोय". गाडी परत आली ती नवरीसारखी नटून, पेंट बघून मी पण खूश. तीस किलोमीटरवर डावा सिलेंडर जाम. रस्त्याच्या कडेला उभं राहून अण्णा खाली वाकले, कार्बोरेटरकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हे माझे नाहीत." मूळच्या मिकुनी कार्बोरेटरची जोडी गायब, त्या जागी कसलेतरी दुसरे. ऑइल पंप पण काढून ठेवलेला, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा म्हणे. फोन केला तर म्हणतात जुन्या गाडीची गॅरंटी नसते सर. गाडीची नाही हो, माणसाची तरी असावी ना? असो. बीपी वाढतं.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. उद्यमनगरातली ती बारकी गल्ली, एकीकडं लेथ, एकीकडं वेल्डिंग, पत्र्याचं शेड आणि आत पाच आरडी उघड्या पडलेल्या. तुम्ही गाडी बघून त्या गॅरेजला एक शिवी पण घातली नाही. "हं" म्हणालात फक्त. पुढं काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, मला अर्धं कळलं पण नाही. एकच डोळ्यासमोर आहे, क्रँक दोन सेंटरमध्ये धरून हळूहळू फिरवत होतात, डायलचा काटा जरासा हलला की तांब्याच्या हातोडीनं एक टोला, परत फिरवायचं, परत टोला. तासभर. मध्ये चहा आला, गार झाला. जुने पिस्टन, रिंगा, वॉशरसुद्धा पिशवीत घालून परत दिलेत, "तुमचा माल हाय" म्हणून. मिकुनीची जोडी कुठून पैदा केलीत देव जाणे.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही.

गाडी न्यायच्या दिवशी अण्णा हट्टानं बरोबर आले. ७३ वय, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आरडीची किक उजवीकडंच. कारमधून उतरून ते गाडीपाशी गेले, हात फिरवला, किकचा दांडा बाहेर काढला, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. सगळी पोरं बघत होती. मला काय बोलावं सुचेना, मी येड्यासारखा म्हणणार होतो की अण्णा तुम्ही बाजूला व्हा मी मारतो.

तेवढ्यात तुम्ही फडक्याला हात पुसत आलात आणि म्हणालात, "सायेब, जरा वर बसा की, मला एकट्याला उरकंना झालंय. चोक आणि ॲक्सिलरेटर तुम्ही सांभाळा, मी नुसती किक मारतो." अण्णा बसले. डावा पाय जमिनीवर, उजवा तुम्हीच हळूच बाजूला घेतलात, किकला लागू नये म्हणून. पहिल्या किकला फुस्स. दुसऱ्याला अण्णांनी मूठ पिळली आणि जो काही आवाज फुटला त्या पत्र्याच्या शेडमध्ये! निळा धूर, टू-टी ऑइलचा वास, आणि अण्णा मान खाली घालून नुसते मीटरकडं बघतायत. चष्म्यावर धूर बसला म्हणाले नंतर.

मला त्यावेळी खरंच वाटलेलं की तुम्हाला मदत लागत होती. मागच्या महिन्यात केबल न्यायला आलो तर तुम्ही एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातानं चोक, एका किकमध्ये आरडी चालू, आणि चहाचा थेंब सांडला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन मिनिटं तिथंच उभा राहिलो.

शिकलेली माणसं म्हाताऱ्यांना "काका, तुम्हाला नाही जमणार" असं तोंडावर सांगतात, बँकेत, दवाखान्यात, स्वतःच्या घरात पण, मी पण त्यातलाच. समोरच्याला खाली न बघायला लावता मदत करायची ही रीत तुम्ही कुठं शिकलात मामा? बहुतेक शिकायला लागलीच नसेल.

तर थँक्यू. आणि एक काम पण होतं. अण्णा म्हणतायत क्लच जरा जड लागतोय. मी चालवून बघितली, लोण्यासारखा आहे. पण ते ऐकत नाहीत, मिस्त्रीलाच दाखवायचाय म्हणतात. रविवारी घेऊन येतो दोघांना.