माहेराहून परतलेली बाळंतीण यादीत हवी

मा. संपादक,

पुण्यात सिस्टरांच्या कुटुंबनियोजनाच्या गृहभेटींतून एक बाई हमखास निसटते: पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या सहा भेटी तिसऱ्या ते ४२व्या दिवसात संपतात, त्याही माहेरच्या गावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती जनता वसाहतीत किंवा येरवड्यात परतते, तेव्हा इथल्या वहीत तिचं नावच नसतं.

सल्ल्याची गरज मात्र नेमकी तेव्हाच असते. ‘अंगावर पाजतेय, दिवस कसे राहतील?’ हा भरवसा तीनही अटी पाळल्या तरच खरा: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध. आई कामावर जाऊ लागली, वरचं दूध सुरू झालं, की तो संपला. पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात. मग शेजारणीकडून ‘माला-एन’ या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट येतं, पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने ते घेऊ नये, दूध कमी होऊ शकतं. तिला ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन, तांबी किंवा निरोध चालतो.

‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदाच. गोंधळ होतो तो या बदलाच्या वेळी. म्हणून सिस्टरने तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर वारांना गोल करून द्यावेत. ‘अंतरा’चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. मधेच डाग दिसतात किंवा पाळी लांबते, हे आधी सांगितलेलं नसलं तर बाई घाबरते आणि दुसरा डोस घेतच नाही. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत तो घेता येतो, हेही बहुतेकींना कुणी सांगत नाही. त्यामुळे पहिल्या डोसनंतर महिन्याभरात एक भेट आणि पुढच्या तारखेआधी आठवडाभर दुसरी, एवढं हवंच. साधन देऊन वहीत खूण केली की काम झालं, असं आम्ही मानत नाही.

एका खोलीत सासूसमोर विचारलं, तर उत्तर ‘नको’च येतं. बाळाचं वजन करायच्या निमित्ताने तिला बाजूला घ्यावं लागतं.

आमची मागणी साधी आहे. दहाव्या किंवा चौदाव्या आठवड्याच्या लसीला बाळ इथल्या केंद्रात येतंच. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड पाहून माहेराहून आलेल्या आईचा सध्याचा पत्ता गृहभेटीच्या यादीत चढवावा आणि पंधरा दिवसांत सिस्टर तिच्या घरी जावी.

– शहरी आरोग्य केंद्रांतील काही परिचारिका, पुणे